कार्टून बघून पोरं इंग्रजी शिकतात का? शिकतात, पण मोबाईल बंद केल्यावर

सातारा/सांगली : जून जवळ आला की आपल्याकडच्या गावागावांत एकच चर्चा चालू असते. पोराला इंग्लिश मीडियमला घालायचं की गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवायचं? फी, व्हॅनचं भाडं, गणवेश, वह्या-पुस्तकं सगळं धरलं तर उसाच्या बिलातला चांगला मोठा तुकडा तिकडं जातो. एवढं करूनही पोरगं घरी आलं की त्याच्याशी इंग्रजीत बोलणारं कुणी नसतं. मग बरेच पालक सोपा मार्ग काढतात. मोबाईल हातात देतात आणि म्हणतात, "इंग्रजी कार्टून लावून दिलंय, आपोआप शिकेल."

यातला 'आपोआप' हा शब्द तपासून बघायला पाहिजे. कार्टूनमधून इंग्रजी शब्द येतात, हे खरं आहे. पण नुसता मोबाईल देऊन येत नाहीत, हेही खरं आहे. कार्टून शब्द कानात घालतं. तो शब्द तोंडात येतो तो मोबाईल बाजूला ठेवल्यावर, घरातल्या माणसाबरोबर. हे काम कसं करायचं, ते सविस्तर बघू. खर्च काही नाही, रोजचा अर्धा-पाऊण तास लागतो.

पुरावा आपल्याच घरात आहे

आपल्या वस्तीवरच्या पाच-सहा वर्षांच्या पोराला विचारा, हिंदी कुठं शिकलास? शाळेत तर अजून हिंदी चालू झालेली नसते. घरात कुणी हिंदी बोलत नाही. तरी पोरगं भावाशी भांडताना फडाफडा हिंदी बोलतं. ही शिकवणी कुणाची? डोरेमॉन, शिनचॅन, छोटा भीम आणि मोटू पतलूची.

डोरेमॉन मूळचं जपानी. भारतात २००५ पासून ते हिंदीत दिसायला लागलं. छोटा भीम हैदराबादच्या कंपनीनं काढलं आणि २००८ पासून टीव्हीवर आलं. मोटू पतलू २०१२ मध्ये आलं. म्हणजे आज जी पोरं कॉलेजात आहेत, ती या कार्टूनवरच वाढली. हिंदीची भीती त्यांना कधी वाटलीच नाही.

हे फक्त आपल्याकडं घडलं असं नाही. बांगलादेशात पोरं हिंदी डोरेमॉन बघून घरात हिंदी बोलायला लागली. तक्रारी एवढ्या वाढल्या की २०१३ साली तिथल्या सरकारनं हिंदीतलं डोरेमॉन दाखवणं बंद केलं. अमेरिकेतला प्रकार तर गमतीचा आहे. 'पेपा पिग' हे इंग्लंडचं कार्टून बघून अमेरिकेतली लहान पोरं इंग्लंडच्या लोकांसारखं बोलायला लागली, आईला 'मॉमी' म्हणायचं सोडून 'मम्मी' म्हणायला लागली, अशा बातम्या २०१९ च्या सुमारास आल्या होत्या.

तेव्हा कार्टूनला भाषा शिकवता येते, यात शंका नाही.

मग इंग्रजी का येत नाही?

पहिलं कारण सोपं आहे. हिंदी ही मराठीची सख्खी शेजारीण. पाणी, घर, हात, नाक, दूध, भाजी हे शब्द दोन्हीकडं जवळपास सारखेच. दहा शब्दांतले पाच ओळखीचे असले की उरलेल्या पाचांचा अंदाज पोराला लागतो. इंग्रजीत तसं होत नाही. दहापैकी एखादाच शब्द ओळखीचा असतो. बाकी सगळा गलका. पोरगं चित्र बघून हसतं आणि आवाज सोडून देतं.

दुसरं कारण, आपण जे 'इंग्रजी कार्टून' म्हणून लावतो त्यात बऱ्याचदा इंग्रजी नसतंच. टॉम अँड जेरी हे त्यातलं नंबर एकचं उदाहरण. १९४० पासून चालू असलेलं हे अमेरिकन कार्टून तुम्हीआम्हीही बघितलं. पण त्यात मांजर आणि उंदीर बोलतात किती? जवळपास नाहीच. पळापळ, आदळआपट आणि संगीत. करमणूक म्हणून उत्तम, पण दोन तास बघून एक शब्द यायचा नाही. आणि जी कार्टून बोलतात, ती आपल्या मोबाईलवर बहुतेक वेळा हिंदीतच लागतात.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी २००३ साली एक प्रयोग मांडला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर खरी माणसं बसून खेळत, गोष्ट सांगत चिनी बोलली. काही बाळांना त्याच माणसांचा व्हिडिओ दाखवला. बारा वेळा असं केलं. पहिल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक आवाज वेगळे ओळखता यायला लागले. व्हिडिओवाल्या बाळांना काहीच आलं नाही. भाषा तीच, माणसंही तीच, फरक फक्त समोर माणूस असण्याचा.

मोठ्या पोरांना व्हिडिओतून बाळांपेक्षा जास्त कळतं. पण मुद्दा तोच राहतो. पोरानं 'पपी' म्हटलं आणि आजी म्हणाली "व्हय, पपी म्हंजे कुत्र्याचं पिल्लू, आपल्या मोत्याचं हाय तसं", की तो शब्द पक्का झाला. मोबाईलला हे जमत नाही.

शाळेत अक्षर येतं, कार्टूनमध्ये अर्थ येतो

आपण, म्हणजे आज चाळिशीतली मंडळी, पाचवीला एबीसीडी शिकलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे आताच्या पोराला आपल्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळतात. तरी अडचण कुठं आहे?

'असर' नावाचा खेड्यांतल्या शिक्षणाचा देशपातळीवरचा सर्व्हे असतो. २०२३ मध्ये त्यांनी १४ ते १८ वयाच्या पोरापोरींना तपासलं. इंग्रजी वाक्यं वाचता येणारी निघाली ५७.३ टक्के. आणि ज्यांना वाचता आलं, त्यातल्या साधारण पाऊण भागालाच त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या चौघांतला एक जण वाचतो, पण काय वाचलं ते त्याला कळत नाही. अक्षर आलं, अर्थ राहिला.

कार्टूनचं नेमकं उलटं असतं. तिथं अक्षर नसतं, पण अर्थ डोळ्यासमोर असतो. डुक्कर चिखलात उडी मारतं आणि त्याच वेळी 'जम्प' हा शब्द कानावर येतो. डिक्शनरी लागत नाही. म्हणून कार्टून आणि शाळा ही एकमेकांची जोडी आहे. एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये.

कोणतं कार्टून लावायचं?

बाजारातून बियाणं आणताना आपण पिशवी उलटसुलट करून बघतो. तसंच कार्टून निवडताना चार गोष्टी बघा.

एक, भाग छोटा पाहिजे. पाच ते सात मिनिटांचा. दोन, गोष्ट घरातली पाहिजे. जेवण, अंघोळ, पाऊस, बाजार, आजारपण. राक्षस आणि अंतराळातले शब्द पोराला रोज वापरायला मिळत नाहीत. तीन, पात्रं सावकाश आणि स्पष्ट बोलली पाहिजेत. चार, जे बोललं जातं तेच पडद्यावर दिसलं पाहिजे.

या चारही परीक्षांत पेपा पिग बसतं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये चालू झालेलं हे कार्टून. भाग साधारण पाच मिनिटांचा. डुकराचं एक कुटुंब आहे. पेपा, तिचा धाकटा भाऊ जॉर्ज, आई आणि बाप. मध्येमध्ये एक माणूस गोष्ट सांगतो, म्हणजे जे दिसतंय तेच पुन्हा शब्दांत ऐकायला मिळतं. पेपाला 'मडी पडल' म्हणजे चिखलाच्या डबक्यात उड्या मारायला फार आवडतं. आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पाणंदीला तेच चालू असतं.

आणखी एक फायदा आहे. इंग्लंडचं इंग्रजी आपल्या सवयीचं आहे. आपण बॅटरीला 'टॉर्च' म्हणतो, तेही टॉर्चच म्हणतात. अमेरिकेत त्याला 'फ्लॅशलाईट' म्हणतात. आपलं 'बिस्किट' तिकडं अमेरिकेत 'कुकी' होतं. सुरुवातीला पोराचा गोंधळ नको, म्हणून इंग्लंडचं बरं.

'डोरा द एक्स्प्लोरर' हे अमेरिकेचं कार्टून २००० पासूनचं. त्यातली डोरा बघणाऱ्याला प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबते. पोरगं पडद्याकडं बघून उत्तर देतं. २००५ साली अमेरिकेत लहान पोरांचा एक अभ्यास झाला. त्यात डोरासारखी कार्यक्रम बघणारी पोरं जास्त शब्द वापरताना दिसली. टेलीटबीज नावाचा बोबडं बोलणाऱ्या बाहुल्यांचा कार्यक्रम बघणारी पोरं मात्र शब्दांत मागं दिसली. दोन्हीकडं टीव्हीच होता. काय बघितलं, त्यानं फरक पडला.

'ब्लुई' हे ऑस्ट्रेलियाचं, २०१८ पासूनचं, कुत्र्यांच्या कुटुंबाचं कार्टून. फार चांगलं आहे, पण बोलणं वेगात आहे. चार-सहा महिने झाल्यावर ते लावा.

आपल्या मातीतल्या गोष्टी पाहिजे असतील तर यूट्यूबवर 'बुकबॉक्स' शोधा. तिथं भारतीय गोष्टी चित्रासकट आहेत. गोष्टीचं प्रत्येक वाक्य खाली उमटतं आणि जो शब्द बोलला जातो त्याचा रंग बदलतो. अनेक भारतीय भाषांत त्या आहेत, मराठीही त्यात आहे. गोष्ट आधी मराठीत दाखवून मग इंग्रजीत दाखवली तर पोराला फार सोपं जातं.

खालची अक्षरं कशासाठी?

बुकबॉक्स काढणारे ब्रिज कोठारी हे आयआयएम अहमदाबादला प्राध्यापक होते. १९९६ ची गोष्ट. अमेरिकेत शिकत असताना ते मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा बघत होते. त्यांना स्पॅनिश शिकायची होती. खाली अक्षरं इंग्रजीत येत होती. त्यांना वाटलं, हीच अक्षरं स्पॅनिशमध्ये असती तर ऐकलेलं समजायला मदत झाली असती. त्यातून जे बोललं जातं तेच त्याच भाषेत खाली लिहायचं, ही कल्पना निघाली. पुढं दूरदर्शनच्या चित्रहार आणि रंगोलीत गाण्याचे शब्द खाली उमटायला लागले ते याच कल्पनेतून. गाणं म्हणता म्हणता माणसं वाचायला शिकतात, असा त्यामागचा विचार.

आपण त्यातून एवढंच घ्यायचं. इंग्रजी कार्टून लावलं तर खालची अक्षरंही इंग्रजीच ठेवा. खाली हिंदी आलं की डोळा हिंदी वाचतो आणि कान बंद होतो.

मोबाईलमध्ये ही सेटिंग करा

यूट्यूबवर व्हिडिओ लावल्यावर वर किंवा कोपऱ्यात 'सीसी' असं दिसतं. ते दाबलं की खाली अक्षरं येतात. काही व्हिडिओंची अक्षरं मशीननं तयार केलेली असतात, ती कधीकधी चुकतात. म्हणून कंपनीच्या अधिकृत चॅनलचाच व्हिडिओ बघा.

दातेरी चाकाचं चिन्ह दाबलं की 'प्लेबॅक स्पीड' दिसतो. तो ०.७५ वर ठेवा. बोलणं जरा सावकाश होतं. काही व्हिडिओंना तिथंच 'ऑडिओ ट्रॅक' असतो. हिंदी लागलं असेल तर तिथून इंग्लिश निवडा.

'ऑटोप्ले' बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तो चालू असला की एक भाग संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि पोरगं तासभर हलत नाही. पाहिजे तो भाग आधीच डाऊनलोड करून ठेवला तर नेट बंद ठेवूनही बघता येतो. मळ्यात रेंज नसते त्यांना हे सोयीचं.

एक धोकाही सांगितला पाहिजे. पेपासारखी दिसणारी खोटी कार्टून कुणीही बनवून टाकतं. २०१७ साली जगभर यावर ओरड झाली होती, कारण ओळखीच्या कार्टूनच्या नावाखाली पोरांना घाबरवणारे, घाणेरडे व्हिडिओ सापडले होते. त्यामुळं पोरानं स्वतः शोधायचं नाही. लावून मोठ्या माणसानंच द्यायचं. जमलं तर 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप घ्या. तरीही लक्ष हे ठेवावंच लागतं.

एक भाग, तीन वेळा

रोज नवा भाग लावू नका. एकच भाग तीन दिवस लावा. पोरांना तीच गोष्ट पुन्हा ऐकायला आवडते, हे आजीला विचारा.

पहिल्या दिवशी नुसतं बघू द्या. मध्ये थांबवून "याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात" असं विचारत बसू नका. पोरगं वैतागतं आणि कार्टूनची शाळा होते. भाग संपल्यावर विचारा, काय झालं सांग. ते मराठीत सांगेल. सांगू द्या. गोष्ट मराठीत कळली तरच इंग्रजी शब्द चिकटायला जागा मिळते.

दुसऱ्या दिवशी तोच भाग लावा. आता तीन शब्द धरा. तीनच. जे दिसतात किंवा करून दाखवता येतात असे. 'रेन', 'वेट', 'बूट्स'. तो शब्द आला की थांबवा आणि पोराबरोबर म्हणा.

तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून लावा आणि पोराला बोलू द्या. चुकीचं बोललं तरी चालेल. तीन दिवसांत तीन शब्द म्हणजे कमी वाटतात. पण हिशोब करा. महिन्याला तीस, वर्षाला साडेतीनशेच्या वर. अर्धे विसरले तरी पावणेदोनशे शब्द उरतात. अर्थासकट, न घोकता.

खरं काम भोंग्यानंतर

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली या गावाचं नाव देशभर झालं. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा, तोवर दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, वाचायचं, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर गेली आणि नंतर पोरांच्या हातातला मोबाईल सुटेना, म्हणून गावानं हा मार्ग काढला. स्वातंत्र्यदिनाच्या वेळी ठरलं आणि बायकांनी पुढाकार घेतला. पुढं आणखी गावांनी तो उचलला.

वरवर बघितलं तर कार्टूनमधून शिकणं आणि भोंगा या दोन उलट्या गोष्टी वाटतात. पण त्या एकमेकींना पूरक आहेत. कार्टून भोंग्याच्या आधी, शब्द भोंग्याच्या नंतर. तुमच्या गावात भोंगा नसेल तर घरातल्या घरात वेळ ठरवा. साडेसहाला एक भाग. सातला मोबाईल कोनाड्यात. मग जेवणापर्यंत त्या दिवसाचे तीन शब्द कामात वापरायचे.

वेगळा वेळ काढायचा नाही. जे काम चाललंय त्यातच शब्द टाकायचा. उदाहरणादाखल काही शब्द देतो.

गोठ्यात : काऊ, काफ म्हणजे वासरू, मिल्क, बकेट म्हणजे बादली, ग्रास, रोप म्हणजे दावं. धार काढताना पोराला म्हणा, "ती बकेट आण."

चुलीपाशी : हॉट, कोल्ड, सॉल्ट, स्पून, प्लेट, हंग्री म्हणजे भूक लागलेला. भाकरी मागायला आलं की विचारा, "हंग्री हाय का?"

अंगणात : रेन, मड, पडल म्हणजे डबकं, वेट म्हणजे ओलं, ड्राय म्हणजे कोरडं. वाळवण काढताना हे शब्द फुकटात पक्के होतात.

अंथरुणावर : स्लीपी म्हणजे झोप आलेला, ब्लँकेट, लाईट, डार्क, गुड नाईट.

बघा, यात पूर्ण इंग्रजी वाक्य कुठंच नाही. मराठी वाक्यात एक इंग्रजी शब्द. तसं आपण बोलतोच की. "मोटर चालू कर, स्टार्टर बघ, फ्यूज गेलाय का, व्हॉल्व बंद कर." एका वाक्यात चार इंग्रजी शब्द असतात आणि आपण म्हणतो आम्हाला इंग्रजी येत नाही. ट्रॅक्टर, ड्रिप, पाईप, पंप हे शब्द आपण पुस्तकातून शिकलो नाही. हाताला काम होतं म्हणून शब्द आले. पोराचंही तसंच होतं.

आईला इंग्रजी येत नाही, मग?

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर असं की घरच्यांना इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही. त्यांनी विचारलं पाहिजे. "आज डुकरानं काय केलं? त्याला काय म्हणतात म्हणालास?" पोरगं शिक्षक आणि आजी विद्यार्थी. दुसऱ्याला शिकवताना शब्द जेवढा पक्का होतो तेवढा घोकून होत नाही. आजीनं मुद्दाम चुकीचं म्हणावं. पोरगं हसत हसत सुधारतं.

यात मोठ्यांचाही फायदा आहे. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत खूण असते. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन' म्हणजे विष, निळ्यावर 'डेंजर' म्हणजे धोका, हिरव्यावर 'कॉशन' म्हणजे सांभाळून. लाल सगळ्यात जहाल, हिरवं त्या मानानं सौम्य. असे तीन शब्द अर्थासकट आले तर जीव वाचतो. बाटली पोराच्या हातात द्यायची नाही, शब्द द्यायचा.

उच्चाराचं काय?

उच्चाराच्या बाबतीत कार्टून आपल्यापेक्षा चांगला मास्तर आहे. 'काफ' लिहिताना मध्ये 'ल'चं अक्षर असतं, पण बोलताना येत नाही. पोरानं आधी ऐकलं असेल तर ते बरोबर म्हणतं, आपण वाचून चुकतो. अशा वेळी पोराला गप्प बसवू नका. शंका आली तर तेवढा तुकडा पुन्हा ऐका. आणि कुणाच्या उच्चाराला हसायचं नाही. एकदा हसलं की पोरगं तोंड उघडत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचं इंग्रजी असंच पाचवीच्या वर्गात बंद झालं.

किती वेळ आणि कोणत्या वयाला?

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मोबाईल नकोच. रडतंय म्हणून, जेवत नाही म्हणूनही नको. दोन ते पाच वयात सगळा मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये हेच सांगितलंय आणि जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगते. आपल्या या पद्धतीत तर एक भाग, म्हणजे पाच-सात मिनिटं लागतात. उरलेला वेळ मोबाईलचा नाही, माणसांचा.

पोरगं तीन-चार वर्षांचं झालं, मराठीत नीट बोलायला लागलं, की सुरुवात करा. पोरगं उशिरा बोलत असेल तर कार्टून वाढवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

मराठी पाया, इंग्रजी माडी

कार्टूननं काय होणार नाही, तेही सांगतो. लिहायला येणार नाही. स्पेलिंग येणार नाही. परीक्षेचे मार्क लगेच वाढणार नाहीत. त्यासाठी शाळा आणि पुस्तकच. पण पुस्तकात 'पडल' शब्द आला की पोराच्या डोळ्यासमोर डबकं येईल. वाचणाऱ्या चौघांतला जो एक अर्थाशिवाय वाचतो, तो आपल्या घरातला नसेल.

आणि मराठी सोडायची नाही. फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. ती काढण्यात पुढाकार होता मॅक्सीन बर्नसन यांचा. या बाई जन्मानं अमेरिकन, इंग्रजी त्यांची मायबोली. फलटणला आल्या, मराठी शिकल्या आणि फलटणच्या लोकांच्या बोलीवर अभ्यास करून १९७३ साली अमेरिकेतली डॉक्टरेट मिळवली. पुढं भारताच्या नागरिक झाल्या. अशा बाईंनी शाळा काढली ती इंग्रजी माध्यमाची नाही, मराठी माध्यमाची. इंग्रजी ज्यांच्या घरची, त्यांनाही लहान पोराचा पाया त्याच्या स्वतःच्या भाषेतच घालावासा वाटला. यातून आपण काय ते समजून घ्यावं.

तेव्हा शाळा कोणती हा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. पण फी भरली म्हणजे इंग्रजी आलं असं नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं म्हणजे पोरगं मागं पडलं असंही नाही. घरात रोज तीन शब्द कोण बोलतं, यावर बरंच अवलंबून आहे.

एक महिना करून बघा. दहा भाग निवडा. प्रत्येक भाग तीन दिवस. शब्द कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या घरात लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तसे. महिना संपला की कॅलेंडर घेऊन पोराजवळ बसा आणि एकेक शब्द विचारा. तीसपैकी पंधरा आले तरी पुढच्या महिन्याचे दहा भाग निवडायला हरकत नाही. आले नाहीत तर शब्द कमी करा, मोबाईलचा वेळ वाढवू नका.